रिकामी पाटी

‘कृपया’ हा शब्द कॉम्प्युटरच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला तो गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, रात्री साडेअकरा वाजता. ऐकला म्हणजे पडद्यावर वाचला. पण बँकेतल्या कॉम्प्युटरने इतकी वर्षं माझ्याशी ज्या भाषेत व्यवहार केला आहे ती पाहता नुसतं वाचूनही मला गहिवरून आलं. आमच्या शाखेतला कॉम्प्युटर ‘कृपया’ म्हणत नाही. तो एकदम ‘अवैध’ म्हणतो. मी बावीस वर्षं सकाळी दहाच्या ठोक्याला त्याच्यासमोर बसतो, आणि तो मला रोज नव्याने विचारतो, तुम्ही कोण?

हे सभ्य यंत्र माझ्या भाच्याचं होतं. भाचेबुवा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. दिवाळीला आमच्याकडे आले ते एक लॅपटॉप, दोन चार्जर आणि अंगावरचा शर्ट एवढं सामान घेऊन. सौ.ने चकल्यांचा डबा पुढे केला तर म्हणाले, “मामी, पाच मिनिटं. एम-फोर होतंय.” पाच मिनिटांनी डबा निम्मा झाला. एम-फोर झालं नव्हतं.

“अरे, करतोयस काय एवढं?” मी विचारलं.

“लिनक्स बनवतोय, मामा.”

“बनवतोय म्हणजे? बाजारात तयार मिळत नाही?”

“मिळतं की. फुकट मिळतं.”

“मग?”

“स्वतः बनवण्यात मजा असते.”

कोपऱ्यावरच्या दुकानात तयार अनारसे मिळत असताना आठ दिवस तांदूळ भिजवत बसणाऱ्या सौ.चा चेहरा एकदम उजळला. तिने माझ्याकडे ‘ऐकलंत?’ अशा अर्थाने पाहिलं आणि डब्यात आणखी चकल्या भरल्या.

त्याचं एक पुस्तक आहे म्हणे. ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’. घर बांधायला निघालेल्या माणसाला वीट कशी भाजायची इथपासून शिकवावं, तसं ते आहे. त्यात सुरुवातीच्याच विटांपैकी एक म्हणजे हे एम-फोर. भाचेबुवांना कॉलेजातल्या एका सीनियरने पेनड्राइव्हवर जुनं सामान दिलं होतं, त्यातलं एम-फोर हे १.४.१८ या आवृत्तीचं होतं. बाकीचं सामान नवीन. जुनं आणि नवीन एकत्र नांदायला बसलं, आणि रात्री साडेअकराला भांडण झालं. पडद्यावर इंग्रजीत जे आलं त्याचा मतितार्थ असा : कृपया ही अमुक फाइल आपल्या यंत्रावर चालेल अशी करून घ्यावी, त्यासाठी आपल्याकडे अमुक अमुक कामं कशी होतात ते पाहावं, आणि नंतर आम्हास कळवावं.

मी म्हटलं, “अरे, हे तर आमच्याकडचं उत्तर आहे! ‘योग्य त्या कागदपत्रांसह पुन्हा अर्ज करावा.’ याला खाली फक्त गोल शिक्का हवा.”

भाचेबुवा हसले नाहीत. आपण काय केलं म्हणून आपल्याला नाकारलं हे ज्याला कळत नाही, तो माणूस हसत नाही. हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

आता हे प्रकरण नक्की काय होतं, ते मला त्या रात्री कळलं तसं सांगतो. मी बी.कॉम. आहे. त्यामुळे यात जे चुकेल ते माझं, आणि जे बरोबर असेल ते भाच्याचं.

सी नावाची एक भाषा आहे. डेनिस रिची यांनी ती अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास तयार केली. या भाषेत काम करायचं तर एक लायब्ररी लागते. लायब्ररी म्हटल्यावर मी सवयीने मासिक वर्गणी किती ते विचारलं. पण ही लायब्ररी म्हणजे वाड्यातली सामायिक भांडी. पडद्यावर अक्षर उमटवणं, फाइल उघडणं, मिटणं ही कामं प्रत्येकालाच लागतात. ती एकदा कुणीतरी नीट लिहून ठेवायची आणि सगळ्यांनी वापरायची. लिनक्सवर मुख्यतः जी चालते ती ग्नू सी लायब्ररी. रोलंड मॅकग्रा यांनी १९८० च्या दशकात तिचं काम सुरू केलं. वर्गणी नाही. हरवलं तर दंड नाही.

या लायब्ररीच्या आत काय चालतं ते बाहेरच्याने बघायचं कारण नाही. बाहेरच्यासाठी दर्शनी भागात फलक लावलेले असतात. त्यांना हेडर म्हणतात. ‘आमच्याकडे अमुक काम होईल, त्यासाठी अमुक नावाने हाक मारावी.’ त्यातला सर्वांत गर्दीचा फलक म्हणजे एसटीडीआयओ डॉट एच. मी आधी ‘एस.टी. डी.आय.ओ.’ असं ऐकलं आणि मला वाटलं, परिवहन खात्यातला कुणी अधिकारी असेल. पण ते ‘स्टँडर्ड इनपुट आउटपुट’. म्हणजे आवक-जावक. हे कळल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं.

आता मॅक्रो. मॅक्रो म्हणजे आपलं स.न.वि.वि. कागदावर चार अक्षरं लिहायची आणि वाचणाऱ्याने ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ असं वाचायचं. सी भाषेत प्रोग्रॅम यंत्राच्या हाती जाण्याआधी एकजण मध्ये बसलेला असतो. तो असे सगळे संक्षेप उलगडून देतो. तुम्ही चि.सौ.कां. लिहा, तो ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी’ करून पुढे पाठवतो. अर्थाशी त्याला देणंघेणं नाही. नवरी कोण, नवरा कोण, हे पुढचे लोक बघतील.

राहिले धागे. एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी अनेक कामं चालू असतात, त्यांना ते लोक थ्रेड म्हणतात. भाच्याने हे समजावायला सुरुवात केली तेव्हा मीच त्याला थांबवलं. माझं बालपण चाळीत गेलं आहे. आठ बिऱ्हाडं आणि टोकाला एक संडास, अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला ‘अनेक धागे आणि एक सामायिक वस्तू’ हे शिकवावं लागत नाही.

त्या लायब्ररीत फाइलसाठी तीन कामं ठरवून दिलेली आहेत. पहिलं, एफलॉकफाइल : दार बंद असेल तर बादली घेऊन बाहेर उभं राहायचं, कितीही वेळ लागो. दुसरं, एफट्रायलॉकफाइल : दार ढकलून बघायचं, उघडलं तर आत जायचं, नाही उघडलं तर उभं न राहता परत फिरायचं आणि तोवर दात घासायचे. तिसरं, एफअनलॉकफाइल : काम झालं की कडी काढायची. चाळीत निदान एक सोय होती, कडी न काढता कुणालाही बाहेर येता येत नसे. प्रोग्रॅममध्ये येतं. मग आत कुणी नसताना कडी लागलेली, आणि अख्खी चाळ बादल्या घेऊन बाहेर.

ही तिन्ही कामं सर्वांसाठी खुली आहेत. पण लायब्ररीने स्वतःच्या घरगुती वापरासाठी यांचीच जोडनावं ठेवली होती. आधी एक खालची रेघ, मग मोठ्या लिपीत ‘आयओ’, पुन्हा एक रेघ, आणि मग ‘एफट्रायलॉकफाइल’. आता सी भाषेचा असा लेखी नियम आहे की, ज्या नावाच्या आरंभी खालची रेघ आणि तिला लागून मोठ्या लिपीतलं अक्षर असेल, ते नाव घरच्यांसाठी राखीव. बाहेरच्याने त्या वाटेला जाऊ नये. ‘कर्मचाऱ्यांव्यतिरिक्त इतरांस प्रवेश नाही’, तसंच हे.

एवढ्यावर भागलं असतं. पण हे घरगुती मॅक्रो दर्शनी फलकावर लागले होते! त्याला इतिहास आहे. लायब्ररीतली ही आवक-जावकीची व्यवस्था मुळात सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेसाठी लिहिली गेली होती. तिचा लिबआयओ डॉट एच नावाचा फलक तेव्हा लोकांनी वाचावा म्हणूनच होता. पुढे घर बदललं, वापर बदलला, पण पाटी तिथेच राहिली. आणि गर्दीचा जो फलक, तो आवक-जावकवाला, त्यावर लिहिलं होतं की ‘लिबआयओचा फलकही सोबत वाचावा’. त्यामुळे कुणी पडद्यावर नुसतं ‘नमस्कार’ छापायला गेला तरी त्याच्या पुढ्यात हे सगळं घरगुती सामान येऊन पडे. बँकेत व्याजाचे दर वाचायला जावं आणि त्याच कागदावर स्टाफच्या चहाची उधारीही टाचलेली असावी, तसं.

“बरं, त्या मॅक्रोचा बाहेर अर्थ काय व्हायचा?” मी विचारलं.

“काहीच नाही.”

“काहीच नाही म्हणजे?”

“म्हणजे आत, लायब्ररी स्वतः तयार होताना, कुलपाला अर्थ होता. बाहेरच्यांसाठी ते मॅक्रो रिकामे होते. उलगडले की हातात शून्य.”

त्याने मला ती जुनी फाइल दाखवली. खरोखरच, नावापुढे एक टीप सुरू झाल्याची खूण होती आणि तिला लागूनच टीप संपल्याची. मध्ये काही नाही. कुलपाच्या जातीचं नाव होतं, तर त्यापुढे ‘व्हॉइड’ लिहिलेलं. म्हणजे पोकळी.

यात मला काहीच नवल वाटलं नाही. आमच्या शाखेत ‘बघतो’ हा असाच मॅक्रो आहे. आम्ही आपसांत ‘बघतो’ म्हणालो तर त्याला काहीएक अर्थ असतो. काउंटरच्या बाहेरच्या माणसाला म्हणालो तर तो उलगडून हातात शून्य येतं.

पण मग या शून्यावाचून एम-फोरचं अडलं काय? इथे गोष्टीत आणखी एक पात्र येतं, ग्नूलिब. वेगवेगळ्या घरी वेगवेगळ्या रीती, म्हणून सगळीकडे चालेल असं सामान एकत्र करून ठेवलेली ती पेटी आहे. त्यातल्या एका फाइलीचं काम असं, की फाइल वाचताना पुढची किती अक्षरं आधीच काढून बादलीत भरून ठेवली आहेत ते सांगायचं. हे विचारण्याची कोणतीही सर्वमान्य रीत नाही. ज्याच्या त्याच्या मोरीत डोकावावं लागतं. आणि डोकवायचं तर आधी कळायला हवं की हे घर कुणाचं. ते ओळखायला त्यांनी खूण धरली ती या रिकाम्या पाटीची. ‘एफट्रायलॉकफाइल’चा तो घरगुती मॅक्रो दारावर आहे का? आहे. मग हे ग्नूंचं घर. चला आत.

लक्षात घ्या, कुलूप कुणाला नकोच होतं. कडीला कुणी हात लावत नव्हतं. नुसती पाटी बघायची आणि ओळख पटवायची. अमक्याचं घर कुठलं, तर ‘ज्याच्या जिन्यात मोडकी सायकल आहे ते’. सायकल कुणी चालवत नाही. पण तिच्यावर पोस्टमन, दूधवाला आणि वर्गणी मागणारी पोरं असे सगळे अवलंबून असतात. बरं, ग्नूलिबवाल्यांचं अगदीच चुकलं असंही नाही. दारावर घराच्या नावाची पाटी होती. पण बीओएस, हायकू अशा आणखी काही घरांनी हेच आवक-जावकीचं सामान आणलेलं होतं. नावं वेगळी, मोरी एकच. तेव्हा नावापेक्षा ही खूण त्यांना सोयीची वाटली.

आणि मग २०१८ साली लायब्ररीवाल्यांनी साफसफाई काढली. त्यांचंही चुकलं नाही. ही जुनी अडगळ सुधारणांच्या आड येत होती. त्यांनी रीतसर सूचनाही दिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये २.२७ ही आवृत्ती निघाली, तिच्या जाहीर टिपणात लिहिलं की लिबआयओचा फलक यापुढे काढून टाकण्यात येईल. तो बाहेरचं कुणी आता वापरत असेल असं आम्हाला वाटत नाही. फलकाच्या नावानेच कुणी आत आला तर त्याला ताकीदही दिसे. पण लोक येत होते ते आवक-जावकीच्या मोठ्या दाराने. ताकीद मागच्या दाराला आणि गर्दी पुढच्या! १ ऑगस्ट २०१८ ला २.२८ ही आवृत्ती आली आणि पाटी गेली. जे प्रोग्रॅम आधी तयार होते ते चालूच राहिले, कारण आतली खोली जागेवर होती. पण ज्याला नव्याने घडवायचं होतं तो दारात येऊन उभा राहिला, पाटी शोधू लागला, आणि पाटी नाही म्हटल्यावर म्हणाला, हे घर मी ओळखत नाही, कृपया आपणच काय ते बघून आम्हास कळवावे.

अडलेल्यांत एम-फोर होतं. आता यातली गंमत अशी की, एम-फोरचा धंदाच मुळी मॅक्रो उलगडण्याचा आहे. १९७७ साली कर्निगहॅन आणि रिची यांनी ते पहिल्यांदा लिहिलं ते याच कामासाठी. जन्मभर दुसऱ्यांची स.न.वि.वि. उलगडून देणारा कारकून, आणि तो अडला एका रिकाम्या मॅक्रोपाशी! दुसरं एक फाइंडयुटिल्स नावाचं गाठोडं अडलं. त्याचं काम फाइली शोधून देण्याचं. त्याला स्वतःलाच घर सापडेना.

ग्नूलिबच्या लोकांनी मार्च २०१८ मध्येच, म्हणजे पाटी उतरण्यापूर्वीच, आपल्या पेटीत दुरुस्ती केली होती. पण त्या पेटीतलं सामान जो तो आपल्या घरी नक्कल करून नेतो. हेड ऑफिसने परिपत्रक दुरुस्त केलं तरी शाखेत जुन्याची झेरॉक्सच फिरत असते, हे मला कुणी सांगायला नको. एम-फोरची १.४.१८ ही आवृत्ती ३१ डिसेंबर २०१६ ची. पुढची, दुरुस्त झालेली, मे २०२१ मध्ये आली. मधली जवळजवळ पावणेतीन वर्षं ज्याने ज्याने ते घडवायला घेतलं त्याला ठिगळ लावूनच पुढे जावं लागलं.

“हायरम राइट म्हणून गूगलमध्ये काम केलेला एक माणूस आहे,” भाचेबुवा म्हणाले. “त्याच्या नावाने एक नियमच आहे. वापरणारे पुरेसे झाले की, तुम्ही वचन कशाचं दिलंय याला किंमत उरत नाही. तुमच्या वागण्यात जे जे दिसतं, त्यातल्या प्रत्येकावर कुणी ना कुणी अवलंबून असतं.”

मी काही बोललो नाही. भाचेबुवांना वाटलं, मामांना झोप आली. मला झोप आली नव्हती. मला आजी आठवल्या होत्या.

त्याचं असं झालं. आमच्या शाखेत पूर्वी पितळी बिल्ले होते. चेक दिला की बिल्ला मिळायचा, नंबर पुकारला की बिल्ला देऊन पैसे घ्यायचे. मी नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांत बिल्ले गेले. पण कॅशच्या खिडकीवर मुलाम्याची एक निळी पाटी राहिली : ‘येथे बिल्ला द्यावा.’ बिल्ला कुणी देत नव्हतं, कुणी मागत नव्हतं. कॉम्प्युटरखाली उलगडून पाहिली असती तर त्या पाटीचा अर्थ शून्य आला असता. दोन वर्षांपूर्वी शाखेचं नूतनीकरण निघालं, आणि अनावश्यक वस्तूंची यादी करण्याचं काम मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे दिलं. कारण काय, तर मी लिहितो! मी मोठ्या उत्साहाने यादी केली. ‘अनावश्यक फलक, नग ११, काढण्यात आले.’ खाली माझी सही. साहेबांनी शेरा मारला, ‘उत्तम’. माझ्या नोकरीतला हा दुसरा ‘उत्तम’. पहिला अक्षराबद्दल होता.

नूतनीकरणाची सूचना आम्ही रीतसर दिली होती. सगळ्या ग्राहकांना मोबाइलवर संदेश पाठवला होता. मागच्या दाराला ताकीद, म्हणतात ती हीच.

दर महिन्याच्या दोन तारखेला कुटुंब निवृत्तिवेतन घ्यायला एक आजी येतात. एकट्या, बसने. दृष्टी अधू आहे. मोबाइल मुलाकडे, आणि मुलगा दुसऱ्या गावी. त्या महिन्यात आजी आल्या, तर नवी फरशी, नवा रंग, काचेचं दार आणि दारात नवा वॉचमन. आजींनी आत पाहिलं. निळं काही दिसलं नाही. त्यांनी वॉचमनला विचारलं, “बाबा, इथे आमची बँक होती ती कुठे गेली, तेवढं सांगतोस का?” वॉचमन म्हणाला, “हीच बँक.” आजी म्हणाल्या, “नाही रे बाबा, आमच्या बँकेत निळी पाटी आहे. तिच्याखाली पैसे मिळतात.” आणि त्या परत गेल्या. भांडल्या नाहीत, तक्रार केली नाही. आठ दिवसांनी शेजारच्या मुलाला घेऊन आल्या. मधले आठ दिवस रक्तदाबाच्या गोळ्या शेजारणीकडून उसने पैसे घेऊन आणल्या होत्या. हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं, चूक आपलीच होती अशा सुरात.

मी त्यांना वचन दिलं की यापुढे असं होणार नाही. म्हणालो, “आजी, ते लाल नळकांडं दिसतंय का? आग विझवायचं? त्याच्या शेजारची खिडकी. तिथे यायचं.” आजींनी लाल नळकांडं डोळे बारीक करून नीट पाहून घेतलं आणि समाधानाने मान हलवली. मलाही बरं वाटलं. एक प्रश्न सोडवला.

इकडे भाचेबुवांनीही प्रश्न सोडवला होता. पुस्तकाच्या जुन्या एका आवृत्तीत ठिगळ छापलेलं सापडलं. दोनच ओळींचं. एका ओळीने, जिथे जिथे त्या ‘एफट्रायलॉकफाइल’ची खूण असेल तिथे तिथे ‘आयओ-ईओएफ-सीन’ ही खूण घालायची. दुसऱ्या ओळीने, फलकाबरोबर गेलेल्या आणखी एका घरगुती नावाची किंमत, २५६, स्वतःच लिहून टाकायची. त्याने टाइप केलं, आणि एम-फोर सुरळीत घडायला लागलं.

“ही नवी खूण कसली रे?” मी विचारलं.

“फाइलीचा शेवट दिसला, अशा अर्थाची.”

“ती तरी बाहेरच्यांसाठी आहे का?”

तो जरा घुटमळला. “नाही. तिच्याही आधी खालची रेघ आणि मग मोठं अक्षर आहे. तीही घरगुतीच. पण ती अजून काढलेली नाही.”

म्हणजे काय, निळ्या पाटीऐवजी लाल नळकांडं! मला त्या क्षणी त्या ठिगळ लावणाऱ्या अनोळखी माणसाला कडकडून भेटावंसं वाटलं. समोर दारात माणूस खोळंबलेला असताना, जी खूण हाताशी आहे ती दाखवून त्याला आत घेणं, एवढंच कुणीही करू शकतो. पण ती खूण कुठल्या भिंतीवर आहे आणि किती दिवस राहणार आहे, हे विचारायला मात्र त्यानंतर सवड होत नाही. मीही दोन वर्षांत विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतर बँक उघडली त्याच आठवड्यात अग्निशमन तपासणीचा माणूस आला आणि म्हणाला, “हे नळकांडं इथे चालणार नाही. दाराजवळ हलवा.”

“हलवायचं नाही,” मी म्हणालो.

“का?” मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

“एक ग्राहक त्यावर अवलंबून आहे.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, एखाद्या ग्राहकाची आगबिग लावायची योजना आहे. मग मी त्यांना सगळं सांगितलं. एम-फोर वगळून. साहेब भले गृहस्थ आहेत. तपासणीवाल्याकडून महिनाभराची मुदत मिळाली. मी स्वतः पुठ्ठ्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत ‘पेन्शन’ असं लिहिलं, निळ्या रंगात, आणि ती पाटी खिडकीवर लावली. ही मात्र दर्शनी पाटी. बाहेरच्यांसाठीच लावलेली, अर्थ असलेली, आणि कुणी हलवायची झाली तर आधी आजींना तोंडी सांगून हलवायची, असं मी रजिस्टरात लिहून ठेवलं. दोन तारखेला आजी आल्या तेव्हा नळकांडं अजून जागेवर होतं. दोन्ही खुणा शेजारी शेजारी असताना मी त्यांना हाताला धरून पाटीपाशी नेलं.

“आजी, आता ही निळी पाटी बघायची. नळकांडं जाणार आहे. समजलं?”

आजींनी पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि हसून म्हणाल्या, “अरे बाबा, पाटी कशाला बघू? मला कुठे एवढं दिसतं? तुझा आवाज येतो ना, त्या खिडकीपाशी मी येते.”

म्हणजे इतके दिवस मी यादी करत होतो पाट्यांची आणि नळकांड्यांची. त्या यादीत एक नग राहिला होता. तो घरगुती वापराचा, बाहेरच्यांना कसलंही वचन न दिलेला, आणि ‘बघतो’ म्हणाला तर उलगडून हातात शून्य देणारा.

या शाखेत मला यंदा पाच वर्षं पूर्ण होतात. बदल्यांची यादी मे महिन्यात लागते. आजींना आतापासून सांगायला हवं.